चेअरमनचा कोट आणि माझे साडेतीन हात

चूक आबारावांची. गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन, पांढऱ्या मिशा, वयानं मोठे, सगळं मान्य. पण चूक त्यांचीच. मोठ्यांना नावं ठेवू नयेत म्हणतात. ठेवायची वेळ त्यांनीच आणली, मी काय करू?

मी मोटेचा नाडा बोलतोय. विहिरीतून पाण्याची मोट वर ओढणारा जाड दोर. विहिरीच्या मालकिणीनं, हरणाबाईनं, आणि तिच्या नवऱ्यानं अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे तंतू, पिळून मला बत्तीस हातांचा केला. चार वर्षं बैलांच्या मागं इमानानं राबलो. मग बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली अन् माझं काम अर्ध्यावर सुटलं. गोठ्यात खुंटीला लटकलो. येणारा-जाणारा प्रत्येक म्हातारा म्हणायचा, "चांगला दोर वाया चाललाय." काम कुणी देत नव्हतं, सुस्कारे मात्र सगळे टाकत होते.

काम दिलं कल्याणप्पानं. तरुणपणी तो हैदराबादला गिरणीत होता, तिथून फुटबॉलचं वेड घेऊन आला होता. दुष्काळी कामावर खडी फोडणारी एक टोळी होती, बांध घालणारी दुसरी. दर सुट्टीच्या दिवशी कोरड्या तळ्यात दोघींची मॅच लावायचं त्यानं ठरवलं. बाभळीचे खांब रोवले. वरच्या दांडीला लाकूड मिळेना. होतं तेवढं चुलीत गेलेलं. मग त्यानं मला खांबांवर ताणून बांधलं. समोरच्या गोलाला दुसऱ्या विहिरीचा नाडा, तोही माझ्यासारखाच रिकामा. पाणी ओढताना माझ्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता अख्खं गाव डोळे लावून बसलं होतं. खोटं कशाला बोलू, मी लई खूश होतो.

रेफरी आबाराव. का? तर चेअरमन होते म्हणून. नियम त्यांना एकच ठाऊक: शिट्टी आपली. सहाव्या मॅचला ऊन चढलं तसा त्यांनी काळा कोट काढला अन् टांगला, माझ्यावर. खिशात सोसायटीच्या किल्ल्यांचा जुडगा, अडकित्ता, सुपारीची डबी. मी हातभर खाली आलो. एवढ्या मोठ्या तळ्यात त्यांना दुसरी जागा दिसली नाही.

शेवटच्या घटकेला खडीवाल्या बलभीमनं लांबून चेंडू हाणला. बांधवाल्यांचा गोलकीपर व्यंकट, म्हणजे आबारावांचा पुतण्या, तोंड उघडं टाकून बघत राहिला. चेंडू माझी पाठ घासून पार गेला. मी माझ्या जागेवर असतो, तर तो माझ्या पोटाखालून गेला असता.

तळं दणाणलं. आबारावांनी शिट्टी मारली. "वरून गेला. गोल न्हाय."

"आवं चेअरमन, तुमच्या कोटानं नाडा खाली आलाय की!" बलभीम ओरडला.

"नाडा कुठं हाय ते रेफरी बघतो. का हाय ते बघत न्हाय."

"मग कोट तरी उचला!"

"मॅच संपल्यावर उचलतो."

माझ्या पाठीवर मातीचा पट्टा उमटला होता. व्यंकट म्हणाला, पट्टा वरच्या अंगाला, म्हणजे चेंडू वरूनच गेला. बलभीमची आत्या कस्तुराबाई म्हणाली, नुसता घासलाय, म्हणजे कोट नसता तर खालूनच गेला असता. एकाच पट्ट्यावर दोन्ही बाजू जिंकत होत्या! ओढाओढ लागली. कोट धुळीत पडला, तेव्हा कुठं तो आबारावांना उचलावासा वाटला. तेवढ्यात कस्तुराबाईनं विळा काढला अन् पट्ट्यासकट माझा मधला साडेतीन हातांचा तुकडा कापून घेतला. "पुरावा हाय ह्यो. म्या जपते." मला कुणी विचारलं नाही.

पुढं पाऊसपाणी झालं, विहिरींवर मोटारी बसल्या, मोटेची गरज संपली. माझे उरलेले दोन तुकडे सोसायटीच्या ओसरीत टांगले गेले. जागा वाईट नव्हती. खाली रोज फुटबॉलच्या गप्पा. मॅच झाल्या होत्या सहा, गप्पा पुरल्या बारा वर्षं. कल्याणप्पाच्या हैदराबादच्या मॅचमध्ये दरसाल एक गोल वाढायचा. व्यंकटनं अडवलेला चेंडू आधी छातीला लागला होता, मग कपाळाला, शेवटी त्यानं तो दातांत धरला होता.

बलभीम एसटीच्या वर्कशॉपात नोकरीला लागला. सुट्टीवर आला की पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायचा, "आबाराव, गोल व्हता का न्हाय?"

"न्हाय."

सगळे हसायचे. तोही हसायचा, पण त्याचं हसू लवकर मावळायचं. मी वरून बघायचो. आयुष्यात मारलेला एकच गोल, तोही मोजलेला नाही.

परवाच्या दिवाळीत कस्तुराबाई फडक्यातला तुकडा घेऊन ओसरीवर आली. आबारावांची चेअरमनकी तोवर गेली होती, कोट तोच होता. "बांधा नाडा, टांगा कोट. एकदाचं बघूच."

कल्याणप्पानं तिन्ही तुकडे गाठी मारून ओसरीच्या खांबांना ताणले. किल्ल्यांचा जुडगा नव्या चेअरमनकडून मागून आणला. कोट टांगला. मी झुकलो. थोडा मुद्दाम झुकलो, कबूल करतो. बारा वर्षं मीही वाट बघत होतो.

आबारावांनी मोजलं. हातभर. मिशा चोळल्या. मग खिशातून शिट्टी काढली. म्हणजे म्हातारा इतकी वर्षं ती जवळ बाळगून होता! फुंकली.

"गोल."

बलभीम ओसरीवरून उडी मारून धावत सुटला. चाळिशीचा गडी, मागं त्याची दोन लेकरं, गावाला फेरी मारून आला. कल्याणप्पा डोळे पुसत शिव्या देत होता. आबारावही हसत होते, बेशरम.

तेवढ्यात व्यंकट म्हणाला, "पर ऑफसाइड व्हता त्यो!"

झालं. पुन्हा कल्ला. कस्तुराबाईनं माझ्या गाठी सोडल्या, मधला तुकडा फडक्यात गुंडाळला. "ह्याचा बी निकाल लागंपर्यंत म्या जपते."

तरुण पोरांनो, म्हाताऱ्यांचा मान राखा, पण त्यांना कोट टांगायला आधी खुंटी दाखवा.

बलभीमला त्याचा गोल मिळाला. माझे साडेतीन हात गेले, तेही मधले. आता कुठल्याच विहिरीच्या पाण्याला मी पुरत नाही.