ठिपक्यांआड अडकलेली किल्ली

मी किल्ली बोलतेय. जुडग्यात खुळखुळणारी नव्हे, कारखान्याच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये राहणारी. आम्ही दोघी जुळ्या. माझी बहीण सगळ्यांना वाटून टाकायची असते. तिनं ईमेल कुलूपबंद होतं. मला मात्र लपवून ठेवायचं असतं. ते ईमेल माझ्याशिवाय कुणालाच उघडत नाही.

माझा जन्म सिस्टरांच्या हातून झाला. वीस वर्षं इंजेक्शनं देणारी ही बाई त्या दिवशी घामाघूम झाली होती. लांबी किती, मुदत किती, पद्धत कोणती? बाळंतपणात सुईणीलाच कोडी घालावीत, तसा किल्ल्या बनवणारा तो प्रोग्राम विचारत सुटला. सिस्टर बिचाऱ्या सगळ्याला ‘हो’ म्हणाल्या. शेवटी त्यानं मला वापरण्यासाठीचा पासवर्ड मागितला. त्यांनी तो इंग्रजीतून वहीत लिहून घेतला, दोनदा टाइप केला. पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटले.

घोळ तिथंच झाला. थोड्या वेळापूर्वी त्यांनी स्वतःच्या सख्ख्या बहिणीला मराठीत पत्र लिहिलं होतं आणि कीबोर्ड तसाच मराठीवर राहिला होता. बटणं इंग्रजीची दाबली, अक्षरं मराठी पडली. ठिपक्यांमुळे त्यांना पत्ताच लागला नाही.

एवढा खटाटोप होता अकरा कामगारांसाठी. घासकाम खात्यातल्या धुळीनं त्यांची छाती पोखरली होती. कारखान्याचे डॉक्टर मात्र सगळ्यांना ठणठणीत ठरवत. सिस्टरांनी खऱ्या तपासण्यांची नावानिशी यादी केली होती. ती शुक्रवारच्या सरकारी तपासणीआधी एका बातमीदाराला द्यायची होती.

त्या अकरांपैकी एक उंचापुरा, सगळे त्याला लांबू म्हणत. खोकत खोकत त्यानं विचारलं होतं, “सिस्टर, माझं नाव फुटणार नाही ना? घरात कमावणारा मी एकटाच आहे.”

“माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही,” सिस्टर म्हणाल्या होत्या.

सोमवारी बातमीदाराचा फोन आला. “ताई, फोनवर जास्त बोलत नाही. कुलूपबंद ईमेल पाठवलंय. आधी ते वाचा, मगच काय ते करा.”

सिस्टरांनी वही उघडून पासवर्ड टाइप केला. चुकीचा! पुन्हा केला, पुन्हा चुकीचा. मंगळवारी दिवसभर त्या माझ्या दारावर डोकं आपटत होत्या. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते, अहो, कीबोर्ड बदला! पण मला तोंड कुठंय? प्रोग्रामला होतं, पण तो मेला ‘चुकीचा पासवर्ड’ यापलीकडे चकार शब्द काढेना. बातमीदाराचा फोनही लागेना.

“आग लागो या किल्लीला,” सिस्टर रडकुंडीला येऊन म्हणाल्या. “हे माझ्याच्यानं होणार नाही.” आणि त्यांनी यादी साध्या ईमेलनं पाठवून दिली.

बुधवारी सकाळी अकराही जणांना एकेक करून मॅनेजरच्या खोलीत बोलावलं. लांबू दवाखान्याच्या दारात आला तो हातात कामावरून काढल्याचा कागद घेऊनच. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, “सिस्टर, तुम्ही शब्द दिला होता.”

तो गेल्यावर सिस्टर राजीनामा लिहायला बसल्या. मराठीत. दोन ओळी लिहिल्या आणि काय वाटलं कुणास ठाऊक, ते ईमेल पुन्हा काढलं. वहीतला पासवर्ड टाइप केला. कीबोर्ड मराठीवरच होता.

मी उघडले. आयुष्यात पहिल्यांदा. कधी नव्हे ते मला वाटलं, उघडूच नये. आत तीन ओळी होत्या: ‘ताई, यादी कारखान्याच्या ईमेलवरून मुळीच पाठवू नका. तिथं सगळ्यांचे ईमेल वाचतात. गुरुवारी मी दवाखान्यात येतो, हातात द्या.’

 सिस्टर डोकं टेबलावर ठेवून हुंदके देऊ लागल्या.

मला घडवणाऱ्यांनो, पाया पडते तुमच्या. माझं कुलूप जगात कुणाला फोडता येत नाही म्हणून तुम्ही मिरवता. ते सिस्टरांना उघडता येतं का, हे एकदा त्यांच्या शेजारी बसून बघा. कीबोर्ड कोणत्या भाषेत आहे, एवढं जरी त्या ठिपक्यांशेजारी लिहिलं असतंत, तर लांबू आज कामावर असता.