पालथं ठेवलेलं कार्ड

गंगापूर रोडला औषधांच्या एका दुकानावर, तीन खोल्यांत ते कॉलेज भरायचं. फिल्म, व्हिडिओ, फोटोग्राफी, सगळं शिकवायचे. कॅमेरे तीन, पोरं बावीस आणि नियम ढीगभर. मेमरी कार्डांच्या डब्यात रिकामं कार्ड सुलटं ठेवायचं, भरलेलं पालथं. आणि शूटिंगआधी कार्ड फॉरमॅट करायचं, म्हणजे पार कोरं करायचं.

देवळ्याची तेजस्विनी नियमांची एवढी पक्की, की संतोष सरांनी डबा तिच्याच ताब्यात दिला होता. आणि घोळ घातला तो तिनेच.

खंडेनवमीला कॉलेजात कॅमेऱ्यांची पूजा झाली. लेन्स, ट्रायपॉड, कार्डं, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. देवापुढे पालथं कसं ठेवणार? तेजस्विनीने झाडून सगळी कार्डं सुलटी मांडली. पूजेनंतर एकेकावरचं कुंकू मऊ फडक्याने पुसलं आणि तशीच सुलटी डब्यात भरली. स्वतःच्या टापटिपीवर खूश होऊन ती खोलीवर गेली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिने डब्यातलं एक कार्ड कॅमेऱ्यात घातलं, फॉरमॅट केलं आणि कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडली. रेकॉर्डिंगचं बटण चुकून दाबलं गेलंय, हे तीन मिनिटांनी लक्षात आलं. तोवर कॅमेऱ्याने तिच्या चपला टिपल्या होत्या. ती हसत असतानाच वर्गमैत्रीण निकिताचा फोन आला.

"तेजू, बाबांना सकाळी सातलाच ऑपरेशनला आत नेलंय. अजून काही कळत नाही." निकिता घाईघाईत बोलत होती. "माझं दोन नंबरचं कार्ड डब्यात पालथं ठेवलंय, जप गं. हॉस्पिटलच्या घाईत कॉपी करायचं राहिलं. बाबांचा आवाज तेवढाच आहे माझ्याकडे."

निकिताचे वडील खंडेराव दिंडोरीचे द्राक्षबागायतदार. घशातल्या गाठीपायी त्यांचं स्वरयंत्रच काढणार होते. तो आवाज पुन्हा येणार नव्हता, म्हणून निकिताने नवमीच्या आदल्या दिवशी त्यांना बागेत बसवून तासभर बोलतं केलं होतं.

तेजस्विनीने कार्ड काढून पाहिलं. त्यावर दोनचा आकडा होता, आणि कडेला पुसायचं राहिलेलं कुंकू.

"हो, आहे ना जपून," ती बोलून गेली. भ्यालेला माणूस किती चटकन खोटं बोलतो!

ती धावत कॉलेजात आली आणि सरांना सगळं सांगितलं. सर ओरडले नाहीत, त्यामुळे ती आणखीच घाबरली.

"फॉरमॅटनंतर काही शूट केलंस?"

"तीन मिनिटं. चपला."

"तेवढ्या जागेतलं गेलं समज. बाकीचं बघू."

फाईली परत काढणारं सॉफ्टवेअर सुरू झालं. दोन टक्के. पाच टक्के. सात टक्क्यांवर ते अडून बसलं आणि तेजस्विनीने कालिकामातेला ओटी बोलून टाकली. निकिताला काय तोंड दाखवायचं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

साडेतीनला नऊपैकी आठ फाईली निघाल्या. हेडफोनमध्ये खंडेराव बोलत होते, "छाटणी झाली ना, का मग लय जपावं लागतं बागंला." तेजस्विनीला रडूच फुटलं.

"पहिली तेवढी गेली," सर म्हणाले. "आवाज तपासायला घेतलेली असणार. तिच्यात काही नसतं." तिला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

चारला निकिताचा फोन आला.

"बाबांना बाहेर आणलं, तेजू. माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवले गं. मला पहिली क्लिप पाठव ना आत्ता. बाकी सगळी छाटणी नि फवारणी आहे. माईक तपासायला म्हटलं, काहीपण बोला. तर रोज फोनवर विचारतात तेच म्हणाले, 'निके, जेवली का गं माय?' तेवढंच एकदा ऐकू दे."

सर तेजस्विनीकडे बघत होते. स्क्रीनवर पहिल्या क्लिपच्या जागी तिच्या चपला चालत होत्या.

"निकिता," ती म्हणाली, "सकाळी मी खोटं बोलले. ती क्लिप माझ्या हातून पुसली गेली."

निकिताने फोन ठेवला नाही. तेजस्विनी तो कानाला लावून उभी राहिली. ठेवायची तिची हिंमत होत नव्हती.