क्रेनच्या केबिनमध्ये दोन तास

दुखणं नवं नव्हतं, आणि खरी गोम तीच होती. गेला महिनाभर टॉवर क्रेनची शिडी चढताना छातीवर कुणीतरी तळहात दाबून धरल्यासारखं त्याला व्हायचं. मधल्या टप्प्यावर तो थांबायचा, कठड्याला टेकायचा, की दोन मिनिटांत सगळं निवळायचं. मग पुन्हा वर. वीस वर्षं क्रेन चालवणाऱ्या माणसाने 'मला शिडी चढवत नाही' असं म्हणायचं म्हणजे आपली खुर्ची आपल्याच हाताने दुसऱ्याला द्यायची. म्हणून त्याने सगळं पित्तावर ढकललं आणि बायकोला त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

दुसरंही एक कारण होतं. त्याचा थोरला भाऊ, ज्याला सगळं घर दादा म्हणायचं, तो तीन वर्षांपूर्वी दाढी करता करता आरशासमोरच कोसळला होता. मानेतल्या धमनीत चरबी साचली होती, तिच्यावर रक्ताची गुठळी धरली आणि तिचा तुकडा सुटून मेंदूत जाऊन अडकला. दादाचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. बोलण्यातला एकच शब्द मागे राहिला, 'बरं'. तहान लागली तरी 'बरं', संताप आला तरी 'बरं'. आत सगळा दादा शाबूत होता, पण बाहेर यायला वाट नव्हती. डॉक्टरने तेव्हा धाकट्यालाही बजावलं होतं, "हे घराण्यात असतं, तुम्हीही तपासून घ्या." त्याने मान डोलावली आणि आज करू, उद्या करू म्हणत तीन वर्षं घालवली. तपासलं आणि निघालंच काही, तर?

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला क्रेनच्या हुकाला सळ्यांचा मोठा जुडा लटकत होता. खाली बाराव्या मजल्याच्या स्लॅबवर आठ-दहा माणसं काम करत होती. जुडा त्यांच्यावरून वळवून पलीकडे उतरवायचा होता. नेहमीचंच काम.

जुडा अर्ध्या वळणावर असताना त्याच्या छातीत कळ आली. आज नुसता तळहात नव्हता, अख्खा गुडघा रोवल्यासारखं वाटत होतं. कळ डाव्या हातात उतरली, जबड्यात चढली. अंगाला दरदरून घाम सुटला. तो शिडीवर नव्हता, खुर्चीत बसलेला होता, आणि तरीही दुखत होतं. हे पित्त नव्हे, हे त्याला त्याच क्षणी कळून चुकलं.

"थांबलास का रे?" वॉकीटॉकीवर झेंडू बोलला.

झेंडू म्हणजे खालून इशारे करणारा सिग्नलमन. पूर्वी हातात झेंडे घेऊन उभा राहायचा म्हणून हे नाव पडलं. पुढे झेंडे गेले, पोट आलं, पण नाव तसंच राहिलं.

"जागा मोकळी कर," क्रेनवाला म्हणाला.

"जरा दम धर ना. दोन माणसं आहेत अजून."

"हाकल त्यांना. आत्ताच्या आत्ता."

त्याचा आवाज ऐकून झेंडू खालच्या माणसांवर ओरडू लागला. डावा हात बधिर होत चालला होता. त्याने उजवा हात आडवा घेऊन क्रेन वळवायची डावीकडची दांडी धरली. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. हात सुटला असता तर क्रेन आपोआप जागच्या जागी थांबली असती, हे त्याला ठाऊक होतं. पण मग तो दीड टनाचा जुडा वाऱ्यात माणसांच्या डोक्यावर झोके घेत राहिला असता आणि क्रेन चालवणारा दुसरा कुणी नव्हता. त्याने जुडा मोकळ्या झालेल्या जागेवर वळवून घेतला आणि मग इंचाइंचाने खाली सोडला. सळ्या टेकल्याचा खणखणाट झाला, हुक सुटला, तेव्हा कुठे त्याने बोलायचं बटण दाबलं.

"झेंडू, मला हार्ट अटॅक आलाय."

पलीकडे नुसती खरखर ऐकू आली. मग झेंडूचा आवाज, "मस्करी करतोस काय?"

"नाही रे."

"खाली उतरू नकोस! ऐकलंस? जागचा हलू नकोस!"

उतरायचं तरी कुठे? खाली पंचावन्न मीटर उभी शिडी होती. ज्या केबिनमध्ये त्याने वीस वर्षं राजासारखी काढली, ती आता कपाटाएवढी भासू लागली. चारी बाजूंना काच, काचेपलीकडे मोकळं आभाळ, आणि त्याला पाय पसरायलासुद्धा जागा नाही. काच फोडून बाहेर पडावं असं एकदा वाटून गेलं. खाली मुंग्यांएवढी माणसं धावत होती, वर पाहत होती, हात हलवत होती. कुणाचाच त्याला उपयोग नव्हता.

त्याच्या डोक्यात दादाच येत राहिला. मेलो तर मेलो, पण दादासारखा उरलो तर? तो मोठ्याने स्वतःचं नाव घेऊन बघू लागला, बायकोचं नाव, मुलीचं नाव. शब्द नीट येत होते. पुन्हा घेतली. अजून येत होते.

तेवढ्यात पायाशी असलेल्या काचेतून त्याला शिडीवर काहीतरी हलताना दिसलं. झेंडू वर चढत होता. दहा वर्षांत या माणसाने स्टुलावरसुद्धा पाय ठेवला नव्हता.

"अरे, मरशील लेका! खाली जा!" तो वॉकीटॉकीवर ओरडला.

"गप... बस," धापा टाकत उत्तर आलं. "डॉक्टर... फोनवर म्हणाला... गोळी चावायला द्या."

वीस मिनिटं लागली त्याला. क्रेनवाला स्वतःचं दुखणं विसरून प्रत्येक पायरीला त्याच्यासाठी श्वास रोखत होता. शेवटी लालबुंद चेहरा दारात आला. झेंडूने खिशातून अ‍ॅस्पिरिनची गोळी काढली आणि आधी ती त्याच्या तोंडात घातली. मग तो दारातच फतकल मारून बसला.

"चाव. नुसती गिळू नकोस."

"कडू आहे."

"मग काय साखरेत घोळून आणू?"

हसताना छातीत अशी कळ आली की तो कळवळला. झेंडूने त्याचा हात धरला आणि अग्निशमन दलाचे लोक वर येईपर्यंत सोडला नाही. त्यांनी त्याला स्ट्रेचरला पट्ट्यांनी करकचून बांधलं आणि दोरांवरून खाली सोडायला सुरुवात केली. हात हलेना, मान वळेना. आभाळ तेवढं वर वर जात राहिलं. कळ आल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत दोन तास झाले होते.

इस्पितळात त्याच्या मनगटातून नळी घालून बंद पडलेली धमनी उघडली आणि तिथे जाळी बसवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला आणि त्याच्या बायकोला पडद्यावर चित्र दाखवलं. "ही चरबी एका दिवसात येत नाही, वर्षानुवर्षं भिंतीत साचत जाते. वाट अरुंद झाली की चढताना दुखतं, थांबलं की थांबतं. मग एक दिवस चरबीवरचा पापुद्रा फाटतो. रक्ताला वाटतं जखम झाली, म्हणून तिथे गुठळी धरते आणि वाट बंद. पुढचा स्नायू रक्तावाचून मरायला लागतो. तुमचा थोडा मेला. तो परत येणार नाही."

"म्हणजे चढताना तुम्हाला दुखत होतं? तेव्हाच इथे आला असतात तर..." बायकोने वाक्य अर्धवट सोडलं. मग हळूच विचारलं, "अहो, किती दिवस दुखत होतं?"

"महिनाभर."

ती उठून खिडकीशी गेली आणि बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

चौथ्या दिवशी वहिनी दादाला चाकांच्या खुर्चीत घालून घेऊन आली. दादाने आधी जाळी बसवल्याचा उशाशी ठेवलेला कागद पाहिला, मग भावाकडे पाहिलं आणि डाव्या हाताने त्याच्या खांद्यावर फटका मारला. परत एक मारला. "बरं! बरं! बरं!" ओरडताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"चुकलं दादा," धाकटा म्हणाला. "तपासायला हवं होतं. मी भ्यालो."

दादाने मारणं थांबवलं आणि तोच हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

क्रेनवर जायला त्याला पुन्हा परवानगी मिळाली नाही. चार महिन्यांनी कंपनीने त्याला खालच्या ऑफिसात घेतलं. नवे चालक वर चढण्याआधी त्यांची विचारपूस करायची, ब्लड प्रेशर मोजायचं, असं काम. पत्र्याची ती खोली त्याला पहिले काही दिवस केबिनहूनही कोंदट वाटली. पण एकदा एका चालकाने बाही वर करता करता सहज म्हटलं, "शिडी चढताना छातीत जरासं भरून येतं, पण पित्त असेल."

त्याने यंत्र बाजूला ठेवलं. "बस इथे," तो म्हणाला. "आज तू वर जायचं नाहीस. आधी दवाखान्यात जायचं, आणि मी सोबत येणार."