दुपारी बारा ते तीन

गिरधर पाटील जळगावच्या कापसाच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. आयटीआय केलेला, हाताचा नेटका. बंद पडलेली मोटर नुसती कान लावून ओळखायचा. पिंप्राळ्यात दोन खोल्यांचं घर, दारात सेकंडहँड स्कूटर. फार बोलायचा नाही, पण 'गिरधरला बोलवा' हे शब्द कारखान्यात दिवसातून दहा वेळा ऐकू यायचे आणि ते त्याला आवडायचे.

त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला, तेव्हा कारखान्यात आगीची सूचना देणारी नवी यंत्रणा बसली. गोदामांच्या छतांना धूर हुंगणारी यंत्रं आणि तिथून पाइपातून निघालेल्या तारा थेट फाटकाजवळच्या केबिनीत. तिथे भिंतीवर पत्र्याची पेटी. प्रत्येक गोदामासाठी दोन दिवे, एक लाल, एक पिवळा. बसवायला नाशिकहून आलेल्या इंजिनिअरने जाताना गिरधरला बजावलं होतं, "लाल दिवा आग सांगतो. पिवळा सांगतो की तार तुटलीय, बॅटरी उतरलीय, म्हणजे आता आग लागली तरी लाल दिवा लागणार नाही. तेव्हा पिवळ्याला जास्त जपायचं."

पिवळा दिवा लागला की पेटी कर्कश किंचाळायची. आणि तो लागायचा रोज. दुपारी बाराला रुईच्या गठाणी बांधायचा मोठा प्रेस सुरू झाला की विजेचा दाब कमी व्हायचा, चार नंबरच्या गोदामाचा पिवळा दिवा मिचकायला लागायचा आणि प्रेस थांबेपर्यंत, म्हणजे तीनपर्यंत, ती किंचाळी काही थांबायची नाही. मॅनेजरची कचेरी केबिनीला लागूनच. चौथ्या दिवशी तो तावातावाने बाहेर आला.

"गिरधर, हे बंद कर. नाहीतर मीच एक दिवस दगड घालतो त्याच्यावर."

खरं म्हणजे त्या पेटीला वेगळी, स्थिर वीज द्यायला हवी होती. त्यासाठी लागणारं यंत्र नाशिकहून यायचं होतं. तोवर गिरधरने आपली अक्कल लढवली. रस्त्यावरचे दिवे लावण्या-विझवण्याचं एक जुनं टाइम स्विच भंगारात पडलं होतं. घड्याळासारखी तबकडी आणि कडेला खुंट्या. ते साफ करून त्याने किंचाळीच्या तारेत जोडलं. बारा वाजता आवाज बंद, तीनला पुन्हा सुरू. दिवा मात्र लागत राहायचा. मॅनेजरने पाठ थोपटली. फाटकावरच्या वॉचमनला, चुडामण आबांना, गिरधरने समजावून सांगितलं, "आबा, बारा ते तीन पिवळा दिवा मिचकला तर घाबरायचं नाही. आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

आबा धुळ्याजवळच्या मुकटीचे. साठीला टेकलेले, माणूस सरळ. मान हलवून हो म्हणाले.

नाशिकचं यंत्र जानेवारीत आलं. खोकं स्टोअरमध्ये गेलं. हंगाम ऐन भरात होता, ते बसवायचं तर पेटी दिवसभर बंद ठेवावी लागणार होती. आज करू, उद्या करू असं चालू राहिलं. दुपार शांत जात होती, कोणी आठवण करून देत नव्हतं, आणि गिरधरही विसरला म्हणण्यापेक्षा त्याने कानाडोळाच केला.

मार्चमधल्या एका दुपारी हमाल चार नंबरमध्ये गठाणी रचत होते. त्यातली एक थप्पी कलंडून भिंतीवर रेलली आणि तारेचा पाइप तिच्याखाली चेपून आतल्या तारेसकट तुटला. हमालांनी गठाणी पुन्हा सारख्या केल्या आणि ते जेवायला निघून गेले. बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

गिरधर प्रेसच्या शेडमागे डबा खात बसला होता. आबा फाटक सोडून त्याच्याकडे आले.

"गिरधर भाऊ, आज दिवा मिचकत नही. लागेलच शे. विझतच नही."

गिरधरच्या हातात घास होता. तो न उठताच म्हणाला, "आबा, बारा ते तीन तिकडे बघूच नका हो. रोजचंच आहे ते."

आबा परत गेले.

एखादी ठिणगी कधीकधी रुईत दडून गठाणीसोबत बांधली जाते आणि तासन् तास आतल्या आत धुमसत राहते. त्या दिवशी तसंच झालं असावं. दीडच्या सुमाराला चार नंबरच्या खिडकीतून धूर दिसला, तो रस्त्यावरच्या टपरीवाल्याला. तो ओरडत आला तेव्हा कुठे धावपळ उडाली. कापसातली खराब बोंडं वेचणाऱ्या बायका आवारात गोळा झाल्या आणि एकीने किंकाळी फोडली, "सुगंधा आत आहे!"

त्यांच्यातलीच सुगंधाबाई जेवण झालं की गारव्याला गठाणींमागे पाठ टेकायची. गिरधरने पोतं ओलं करून डोक्यावर घेतलं आणि तो आत घुसला. धुरात चाचपडत त्याने तिला ओढून बाहेर आणलं. ती जगली. पण पेटत्या रुईतून वाट काढताना तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत होरपळले होते.

संध्याकाळी आग विझल्यावर मॅनेजरने गिरधरला केबिनीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"उद्या विमा कंपनीचा माणूस येतोय. ते टाइम स्विच काढून टाक."

"साहेब, पण तार तुटल्याचं पेटीने सांगितलं होतं. आवाज बंद होता म्हणून..."

"म्हणूनच सांगतोय. तू लावलंस, मी लावू दिलं. दोघंही घरी बसू. तुला दोन लेकरं आहेत ना?"

गिरधरने स्क्रूड्रायव्हर काढला. दहा मिनिटांचंही काम नव्हतं.

चौकशी दुसऱ्या दिवशी कचेरीत झाली. विम्याच्या माणसाने पेटी चालवून पाहिली, ती व्यवस्थित किंचाळली. मग त्याने आबांना विचारलं, "इतका मोठा आवाज झाला असणार. तुम्ही कुठे होता?"

"फाटकवरच व्हतू साहेब."

"मग ऐकू कसा आला नाही? झोपला होता का?"

आबांनी गिरधरकडे पाहिलं. गिरधर भिंतीला टेकून उभा होता. सांगायचं होतं ते सगळं त्याच्या जिभेवर होतं. मॅनेजर टेबलावर पेन आपटत होता. गिरधरने नजर खाली घातली ती वर केलीच नाही.

"बोला, झोपला होता का?"

"तुम्ही म्हनतस तसं," आबा म्हणाले.

त्याच दिवशी त्यांना काढून टाकलं. वळकटी खांद्यावर टाकून ते धुळ्याच्या गाडीला गेले, तेव्हा गिरधर स्टोअरमध्ये ते नाशिकचं खोकं उघडत होता. पुढच्या वर्षी त्याला मेन्टेनन्सचा इनचार्ज केलं. आगीत उडी घेतली म्हणून पंधरा ऑगस्टला कारखान्यात सत्कार झाला, नारळ आणि शाल मिळाली. शाल त्याने बायकोला दिली आणि पांघरू नको म्हणाला. 

तीन वर्षं अशी गेली. मग एकदा पिंप्राळ्याच्या बाजारात कुणीतरी मागून हाक मारली. सुगंधाबाई. सोबत तिची वहिनी पिशवी धरून उभी होती. सुगंधाबाईच्या दोन्ही हातांची बोटं आत वळून एकमेकांना चिकटली होती.

"ओळखलं का भाऊ? वहिनी, हेच ते. यांनीच मला बाहेर काढलं. रोज देवापुढे यांचं नाव घेते मी." मग हसून म्हणाली, "आता वेचायचं काम होत नाही. भावाकडे असते. पण जीव आहे ना."

भाजी न घेताच गिरधर घरी आला. त्या रविवारी त्याने धुळ्याची एसटी पकडली आणि मुकटीला उतरला.

आबा ओसरीवर बसले होते. खूप वाळले होते. त्यांची बायको द्रौपदाबाई पाणी देऊन आत गेली. गिरधरने तांब्या खाली ठेवला आणि टाइम स्विच काढल्यापासूनचं सगळं एका दमात सांगितलं. 

"आबा, तुम्ही झोपला नव्हता. तुम्ही मला सांगायला आला होता. मग तिथे बोलला का नाही?"

आबांनी अंगणाकडे पाहिलं.

"माले वाटनं, तू बोलशी. तू बोलना नही. मंग मी कसाले बोलू? तुन्हा पोटवर पाय देवाले?"

"मी उद्या साहेबांना सांगतो. लेखी देतो."

"आते काय व्हई त्यानं? माले परत ठेवतीन? गावमा बठ्ठा लोके म्हनतस, चुडामण झोपना आनि बाई जळनी. तीन साल व्हयनात." आवाज चढला नव्हता. "तुले सांगनंच शे त् तिले सांग. हात तिना गयात."

आतून द्रौपदाबाईने जेवायला वाढल्याचं सांगितलं. गिरधर भूक नाही म्हणाला, पण आबांनी त्याला हाताला धरून पाटावर बसवलं. ताट टाकून उठणं त्याला जमलं नाही.

जळगावला आल्यावर त्याने मॅनेजरला सांगून पाहिलं. मॅनेजर फाइलमधून मान वर न करता म्हणाला, "ते प्रकरण मिटलं. तू पण मिटव." मग संध्याकाळी गिरधर सुगंधाबाईच्या भावाच्या घरी गेला. तिने कौतुकाने वहिनीला चहा टाकायला सांगितलं. चहा यायच्या आतच त्याने सांगून टाकलं. आवाज त्याने बंद केला होता, बसवायचं यंत्र दोन महिने खोक्यात होतं, आबा सांगायला आले तेव्हा त्याने घास खाली ठेवला नव्हता.

सुगंधाबाईने हात पदराखाली घेतले.

"त्या म्हाताऱ्याला मी किती शिव्याशाप दिले," ती म्हणाली. "दवाखान्यात पडल्या पडल्या. रोज."

"बाई, मला..."

"त्यांचा पत्ता सांगा."

वहिनीने कागद आणला. गिरधरने गावाचं नाव लिहिलं, एसटी कुठली ते लिहिलं, ओसरीच्या घराची खूण लिहिली. सुगंधाबाईने भावाला हाक मारून विचारलं की रविवारी मुकटीला नेशील का. तो हो म्हणाला. मग ती उठून आत गेली. चहा आला, तो समोर निवत राहिला, आणि थोड्या वेळाने गिरधर उठून चपला शोधू लागला.