घेतलेला तांबूल

कानडी मुलखातल्या राजाजीनगरच्या अहल्याबाईंना 'नाही' म्हणता येत नसे. भाजीवाल्याने तळाशी सडके टोमॅटो घातलेले डोळ्यांनी दिसले तरी "जाऊ दे, त्याचं पाप त्याला" म्हणून पिशवी उचलणारी बाई ती. शेजारणीने मिक्सर मागितला, दिला. मिक्सर जळून परत आला, तरी चहा पाजूनच शेजारणीला पाठवलं. बँकेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान जयतीर्थराव म्हणत, "हिच्या तोंडात देवाने एकच शब्द घातलाय. सरी! कुणी काही म्हणो, ही म्हणते सरी, बरं."

पण गेलं दीड वर्ष अहल्याबाई सुखात होत्या, आणि ते सुख त्या लपवीतही नसत. त्यांची संपदा, एकवीस वर्षांची, रोज संध्याकाळी साडेपाचला दोन गल्ल्या सोडून असलेल्या मैदानावर पोरींना खो-खो शिकवायची. मैदानाचं फाटक सताड उघडं. फाटकाशी मैदानाकडे तोंड करून एक लांब बाक, त्याला सगळे 'आयांचा बाक' म्हणत. कुठलीही आई कधीही येऊन बसेल, आणि एकट्या पोरीचा सराव होणार नाही म्हणजे नाही, हा संपदाचा नियम. अहल्याबाई मोगऱ्याच्या कळ्यांची पिशवी घेऊन त्या बाकावर बसत आणि गजरा ओवता ओवता लेकीचा खणखणीत आवाज ऐकत. आणखी काय हवं असतं माणसाला?

हा नियम उगीच आलेला नव्हता. पाच वर्षांपूर्वी संपदा पीयू कॉलेजात, म्हणजे आपल्या अकरावीत, खो-खोच्या संघात होती. रघुपती सर म्हणजे त्या कॉलेजचं दैवत. संघ तीनदा राज्यात पहिला आणलेला माणूस. 'स्पेशल प्रॅक्टिस'ला ते एकेका पोरीला मागे थांबवून घेत. तिथे त्यांनी काय केलं ते संपदाने आणि आणखी दोघींनी कोर्टात सांगितलं. एकदा सांगून झालं, इथे पुन्हा सांगायची गरज नाही. कॉलेजवाल्यांनी आधी "संघाचं नाव जाईल" म्हणून तोंडं दाबायला पाहिलं. शेवटी नाव गेलंच, बरं झालं मेलं. सरांना बारा वर्षांची शिक्षा लागली. संपदा मात्र पुढे तीन वर्षं खोलीतला दिवा चालू ठेवून झोपत होती. आता ती स्वतःच्या हाताने दिवा बंद करते. ते बटण 'टक्' वाजलं की अहल्याबाई अंथरुणातूनच देवाला हात जोडतात.

अशा सुखात वरमहालक्ष्मीचा शुक्रवार आला. त्या दिवशी दारात आलेल्या कुठल्याही सवाष्णीला परत पाठवत नाहीत. सकाळपासून बायकांची रांग लागलेली. हळद-कुंकू, चण्याची उसळ, "अक्का, देवी काय सुरेख सजवलीय हो!" त्या गर्दीत एक हडकुळी, पस्तिशी-चाळिशीची बाई पुढे आली. तिच्या हातात ताट होतं. विड्याची पानं, सुपारी, नारळ, खण. आलेल्या बाईनेच यजमानिणीला तांबूल द्यावा हे जरा उलटंच, पण अहल्याबाई कशाला विचारतात? दोन्ही हातांनी ताट घेतलं, डोळ्यांना लावलं, देवीपुढे ठेवलं.

बाकीच्या बायका गेल्या तरी ती बसूनच राहिली.

"मी चंदना," ती खाली बघत म्हणाली. "रघुपतींची बायको."

अहल्याबाईंच्या पायाखालची फरशी सरकली. कोर्टाच्या व्हरांड्यात पदर तोंडावर ओढून बसलेली एक बाई त्यांनी दोनदा पाहिली होती. चेहरा कधी पाहिलाच नव्हता.

"अक्का, त्यांनी महिन्याच्या पॅरोलसाठी अर्ज केलाय. सोमवारी पोलीस तुमच्याकडे विचारायला येतील, तुमची हरकत आहे का म्हणून. हरकत नाही म्हणून सांगा. एवढंच." मग ती धडा पाठ केल्यासारखी बोलत सुटली. चाळीस माणसांच्या बराकीत साठ जण कोंबलेत. कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं. खाली सतरंजी आणि ओल, पाठ गेली. दाढ सुजून तीन आठवडे झाले, डॉक्टरचा पत्ता नाही. "आणि असल्या केसवाल्याला आतले कैदीसुद्धा सोडत नाहीत, अक्का. दोनदा मारलं. पाण्याच्या नळाशी." तिने डोळे पुसले. "तुम्ही तांबूल घेतलाय. आता नाही म्हणू नका."

बघा, कशी कोंडी केली! बाहेरच्या माणसाला वाटेल, पानसुपारीच ती, काय एवढं? पण या घरात तांबूल घेतला म्हणजे शब्द दिला. खुद्द अहल्याबाई या घरात आल्या त्या तांबुलाच्या जोरावर. त्यांच्या वडिलांच्या हातचा तांबूल सासऱ्यांनी घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी जयतीर्थरावांसाठी जे. पी. नगरातून बंगलेवाल्यांचं स्थळ आलं. सासरे म्हणाले, "तांबूल फिरवायचा नसतो." संपला विषय. तो मान अहल्याबाई तीस वर्षं मिरवत आल्या होत्या.

"रविवारी या," एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या. ताट उचलून त्यांनी कोठीच्या खोलीत, तांदळाच्या डब्यामागे दडवलं.

जयतीर्थरावांना सांगितलं तर ते भडकले. "अगं, ताट घेताना चष्मा कुठे होता तुझा?"

"चष्मा होता हो. ओळख नव्हती!"

"मग पोलिसांना काय सांगणार आहेस? सरी?"

अहल्याबाई रडायला लागल्या. रघुपतींचं घर मैदानापासून चार गल्ल्यांवर. महिनाभर तो माणूस त्याच रस्त्यांनी हिंडणार, दूध आणायला जाणार, फाटकाशी उभा राहणार. आपल्या एका तांबुलापायी पोरीच्या खोलीतला दिवा पुन्हा रात्रभर जळत राहणार. त्यांना दुसरं काही दिसेना.

शनिवारी सकाळी संपदा चटणीला नारळ शोधत कोठीत शिरली आणि ताट घेऊनच बाहेर आली. "अम्मा, हे लपवून कुणासाठी ठेवलंयस?"

अहल्याबाईंना खोटंही बोलता येत नसे. सगळं सांगितलं, बराकीतल्या ओलीपासून सुजलेल्या दाढेपर्यंत. संपदा भिंतीला टेकून ऐकत होती. तिने ताटाची कड घट्ट धरली होती.

"चूक झाली ग माझी," अहल्याबाई म्हणाल्या. "आता तोंडाने फिरवू कशी? घराण्याचा शब्द आहे."

"तू नकोच फिरवू," संपदा म्हणाली. "तांबूल तू घेतलास. तुझी हरकत नाही, सरी. पण पोलीस विचारायला येणार ते मला. माझी हरकत माझ्याजवळ आहे, ती मी कुणाच्या ताटात घातलेली नाही."

जयतीर्थराव पेपरामागून म्हणाले, "शाब्बास! आईच्या वळणावर गेली नाही, देवाची कृपा."

पण अहल्याबाईंचं काही समाधान झालं नाही. संध्याकाळी संपदा मात्र मैदानावर वेळेवर गेली.

रविवारी चंदना आली. संपदाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोर बसली. अहल्याबाई दाराची चौकट धरून उभ्या.

"त्यांना मारतात, ते खरं?" संपदाने विचारलं.

"खरं. कपाळाला टाके पडलेत."

"कुणी सांगितलं मारायला? जजसाहेबांनी कोंडायची शिक्षा दिलीय, मारायची नाही. माझ्या नावाने तिथे कुणी हात उचलत असेल तर ते मला नकोय." तिने कागद पुढे ओढला. पोलीस ठाण्याचं काम म्हणून कानडीत लिहू लागली. कानडी तिचं मराठीपेक्षा सरस. लिहून झाल्यावर तिने ते मराठीत सांगितलं, सावकाश, एकेक शब्द मोजून. "त्यांना झोपायला खाट द्यावी. दाढेला डॉक्टर द्यावा. मारणाऱ्यांपासून वेगळं ठेवावं. ही माझी मागणी आहे. त्यांना एक दिवसही बाहेर सोडायला माझी हरकत आहे." मग तिने खाली सही केली.

अहल्याबाईंना वाटलं, आता ही बाई रडेल, शापेल, तांबुलाचं नाव काढेल. चंदनाने कागद हातात घेतला. तिला कानडी येत होतं. तिने शेवटची ओळ दोनदा वाचली आणि तिचे खांदे एकदम खाली आले, पाण्याचा हंडा उतरवून ठेवावा तसे.

"ही शेवटची ओळ," ती म्हणाली, "जरा ठळक करशील?"

कुणाला काही समजेना.

"मला सासूबाईंनी पाठवलं. तांबूल आधी दे, मग माग, हेही त्यांनीच शिकवलं. मी आले, कारण ते तिथे ओलीत झोपतात ते माझ्याने ऐकवत नाही. माणूस आहे शेवटी. पण पॅरोलवर ते आमच्याच घरी येणार ना! माझी अश्लेषा चौदा वर्षांची आहे." तिने कागद संपदापुढे सरकवला. "ते आत गेल्यापासून मी दाराला कडी न लावता झोपते. घरातल्या दाराला म्हणतेय मी, अक्का. आतल्या."

संपदाने पेन उचलून शेवटची ओळ पुन्हा गिरवली. दोनदा गिरवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"आणि अश्लेषा?" अहल्याबाईंनी विचारलं. "ती काय करते?"

"शाळेतून येते आणि खोलीत बसते. आधी खेळायची. आता बापाचं नाव ऐकलं की कुणी संघात घेत नाही, आणि तीही कुठे विचारायला जात नाही. मी विचारू का म्हटलं तरी नाही म्हणते. तिला वाटतं, बापाचा डाग आपल्यालाही लागलाय, लोक म्हणतात तेच खरं."

अहल्याबाईंनी लेकीकडे पाहिलं. संपदाने क्षणभर डोळे मिटले, उघडले आणि होकारार्थी मान हलवली.

मग अहल्याबाई जन्मात चालल्या नसतील अशा झपाट्याने कोठीत गेल्या. परवाचाच तो नारळ, त्यावर नवी पानं, नवी सुपारी, कपाटातला स्वतःचा कोरा खण. ताट घेऊन त्या चंदनापुढे उभ्या राहिल्या. चंदना गडबडून उठली, तिने दोन्ही हातांनी ताट घेतलं, सवयीने डोळ्यांना लावलं.

"घेतलास ना?" अहल्याबाई म्हणाल्या. "आता ऐक. उद्या साडेपाचला अश्लेषाला मैदानावर पाठवायचं. तूही यायचं, बाकावर माझ्याशेजारी जागा आहे. नाही म्हणायचं नाही. तांबूल घेतलायस!"

जयतीर्थराव पेपर खाली ठेवून पोट धरून हसले. "अय्यो, ही शिकली! तीस वर्षं लागली, पण शिकली!" चंदना ताट छातीशी धरून रडतही होती आणि हसतही होती.

सोमवारी सकाळी हवालदार आला, कागद वाचला, संपदाकडे पाहिलं आणि दुसरा एकही प्रश्न न विचारता कागद खिशात घालून गेला.

साडेपाचला फाटकाशी एक उंच, पाठीत वाकलेली पोरगी आईमागे लपून उभी होती. संपदाने तिला नाव विचारलं. नावापुढे बापाचं नाव सांगायला पोरगी अडखळली. "तेवढंच पुरे," संपदा म्हणाली, "आमच्याकडे एकच नाव चालतं." तिने तिला रांगेत बसवलं. मागून एक चिमुरडी धावत आली आणि नव्या पोरीच्या पाठीवर हात मारून ओरडली, "खो!" अश्लेषा उठली. आधी जरा थबकली, मग अशी सुटली की बाकावरच्या आया "अरे वा!" म्हणून ओरडल्या.

अहल्याबाईंनी मोगऱ्याची पिशवी शेजारी सरकवली. "ओवता येतो का ग गजरा?"

"स्वल्प," चंदना म्हणाली. "थोडाफार."

"मग घे दोरा," अहल्याबाई म्हणाल्या, आणि त्या दोघी अंधार पडेपर्यंत ओवत बसल्या.