फिटरच्या दारातल्या चपला

सुहासिनीला मानपान काही कळत नाही, हे नंदाबाईंनी सगळ्या क्वार्टरांत सांगून ठेवलं होतं. गेल्या संक्रांतीला, फोरमनची बायको समोर बसलेली असताना, त्या पोरीनं पहिलं हळदीकुंकू लावलं एका हमालाच्या बायकोला! का, तर म्हणे ती आधी आली.

नंदाबाईंचे यजमान गुणवंतराव कारखान्यात फोरमन, सुहासिनीचा चिंतामणी साधा फिटर. तरी सकाळ झाली की बायकांच्या चपलांचा ढीग फिटरच्या दारात! फोरमनच्या दारात चिटपाखरू नाही. नंदाबाई पडद्याआडून बघायच्या आणि जळायच्या. असा कोणता चहा पाजते ही भवानी?

एकाहत्तरची लढाई लागली आणि कारखान्यात रजा बंद झाल्या. नंदाबाईंचा मुलगा नीलकंठही तिथेच, दोन-दोन पाळ्या करून घरी नुसता झोपायला येई. इकडे सून मनीषाचे दिवस भरलेले. कळा सुरू झाल्या तर रिक्षा कोण आणणार?

“तुम्ही फोरमन ना? सोडवा पोराला दुसऱ्या पाळीतून,” त्यांनी फर्मावलं.

गुणवंतराव बुटाची नाडी सोडत बसले. “सुहासिनीला सांगून ये.”

“तिला काहून?”

“ती चिंतामणीच्या कानावर घालते, तो गेटवर बोलला की बदली माणूस उभा राहतो. सगळ्यांचं तसंच चालू आहे.”

“आणि तुम्ही काय करता?”

“मी सही करतो.”

भरल्या पंक्तीतून कोणी हात धरून उठवावं, तसं झालं नंदाबाईंना. म्हणजे बायका चहाला नव्हत्याच जात!

सकाळी त्या गेल्या. चपला ढिगापासून हातभर लांब काढल्या. आधी आलेल्या बायकांचं आटोपेपर्यंत बशीतला चहा फुंकत बसावं लागलं.

“हो जाएगा, काकू,” सुहासिनी म्हणाली. “एवढ्यासाठी तुम्ही काहून आल्या? निरोप धाडायचा.”

त्या गोडव्यानं तर अंगाचा नुसता तिळपापड झाला.

संध्याकाळी नीलकंठ उजेड असतानाच घरी आला. त्याच आठवड्यात त्यानं मनीषाला दवाखान्यात नेलं आणि नात झाली.

नंदाबाई पेढे घेऊन निघाल्या. या वेळी चपला ढिगातच काढल्या, पण सगळ्यांच्या वर.

“सुहासिनी, चहा तुझा पांचट अन् मानपान शून्य. पण कारखाना तूच चालवून राहिली, आमचे हे नुसती सही करतात. यंदा माझ्या घरी पहिलं कुंकू तुला. आणि तुझ्या घरी मला सोडून दुसरीला लावलंस, तर बघ!”