देवणी वळूंच्या गटातला मी

मित्रांनो, शिरूर अनंतपाळच्या जनावरांच्या प्रदर्शनात देवणी वळूंच्या गटात यंदाचा पहिला क्रमांक मला मिळाला. आता हे वाक्य विसरून जा. तसं काही घडलेलंच नाही. प्रदर्शन समितीने तसा एकमताने ठराव केला आहे, आणि मी समितीच्या शब्दाबाहेर नाही.

मी एक म्हातारा संगणक. वय बारा. लातूरच्या एका दुकानात, स्क्रू आणि चहाचे कप यांच्यामध्ये माझा जन्म झाला. डबा एका घराण्याचा, पंखा दुसऱ्या घराण्याचा, आणि मेमरी एका मयत संगणकाची, जी दुकानदाराने ‘तशी नवीच’ म्हणून बसवली. थोडक्यात, मी संकरित आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळं भांडण वंशाचंच आहे.

मलप्पांनी मला घोंगडीत गुंडाळून गावी आणलं, तेव्हा त्यांची मुलगी मंजुश्री पाचवीत होती. ते दिवस काय सांगू. माझ्या अंगावर भरतकामाचा रुमाल असे आणि लोक चपला बाहेर काढून मला पाहायला येत. पीकविम्याचे फॉर्म, लग्नांचे बायोडाटा, अर्ध्या गावाचे दहावीचे निकाल माझ्यातून बाहेर पडले. नापासांनी मला कधी माफ केलं नाही. मग एका उंदराने माझ्या पोटात संसार थाटला. मलप्पांनी गवंडी बोलावला, मला कोनाड्यात बसवलं आणि मागून, वरून, दोन्ही बाजूंनी सिमेंट लावून घेतलं. हवेला आणि वायरीला एक भोक ठेवलं. त्यानंतर माझी पाठ कोणी पाहिली नाही. मीही नाही.

पुढे घरोघरी मोबाईल आले. रुमाल गेला, त्या जागी पापडाचा डबा आला. वर्षातून एकदा मात्र माझी आठवण निघे. दसऱ्याला मंजुश्रीची आई गुरम्मा विळे, कुऱ्हाडी आणि ट्रॅक्टर यांच्याबरोबर माझीही पूजा करी. माझ्या कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढी, वर हळद-अक्षता टाकी. संगणकाचं कपाळ कुठे असतं हे त्या माउलीला कोणी सांगितलं नव्हतं. तिने पेनड्राइव्ह घालायची दोन भोकं असतात नेमकी ती जागा निवडली. असे दसरे झाले बारा.

आता मलप्पांच्या वळूकडे येऊ. त्याचं नाव शंभू, जात इकडची देवणी. अंग पांढरंशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, चालणं तहसीलदारासारखं. गेल्या वर्षी प्रदर्शनात शेजारच्या गावचा भागवत चारचौघांत म्हणाला, “मलप्पा, वळू झकास हाय. पर ह्याच्या आजीचं घराणं जर्सीकडचं दिसायलंय.”

लोक हसले. शंभूला बक्षीस मिळालं नाही आणि मलप्पांनी हॉटेलात जाणं सोडलं. वर्षभर ते घरचाच चहा प्यायले. तो त्यांना आवडत नव्हता, पण हे गुरम्माला सांगण्याइतके ते धीट नव्हते.

यंदा समितीने नियम काढला: तीन पिढ्यांचा पुरावा दाखवा, नोंदणी दुपारी बारापर्यंत. प्रदर्शनाच्या सकाळी मंजुश्री लातूरच्या कॉलेजातून नवा लॅपटॉप घेऊन घरी आली, आणि नियम ऐकताच पापडाचा डबा उचलून तिने मला सुरू केलं. माझ्या पंख्याची धडधड वाढली. मला माहीत होतं ती काय शोधते आहे. ‘न्यू फोल्डर सात’मध्ये तिने शाळेत असताना ठेवलेला फोटो होता, नाव ‘गौराला कालवड झाली’. गौरा म्हणजे शंभूची आजी आणि ती कालवड म्हणजे शंभूची आई. दोन पिढ्या एका चौकटीत, तिसरी बाहेर गोठ्यात कडबा खात उभी.

मोबाईलने पडद्याचा फोटो काढून पाहिला, तर त्यात गाईपेक्षा काचेत उमटलेली मंजुश्रीच ठळक आली. समितीला फोन केला. तिकडून उत्तर आलं, की आजकाल मोबाईल कुणाचीही आजी बनवून देतो, तारखेसकट मूळ फाईल आणा.

माझं इंटरनेट केव्हाच बंद पडलेलं, म्हणून पेनड्राइव्ह. तो आत जाईना. मंजुश्री सुई घेऊन बसली.

“मंजे, देवाला लावलेलं उकरायलीस व्हय?” गुरम्मा म्हणाली.

“अव्वा, देव आत जाऊन बसलाय. बाहेर बोलवायले.”

सुईने भागेना, तेव्हा मलप्पांनी सायकलचा पंप आणला. एका दाबात बारा वर्षांचं भस्म बाहेर आलं आणि तिघांचीही कपाळं आपोआप भरली. पेनड्राइव्ह आत गेला. मित्रांनो, तो क्षण! मी पडद्यावर लिहिलं: उरलेला वेळ चार मिनिटं. मग लिहिलं नऊ दिवस. मग पुन्हा चार मिनिटं. मी खोटं बोलत नव्हतो, भांबावलो होतो. नव्वद टक्क्यांवर अक्षतांचा एक दाणा आडवा आला आणि सगळं थांबलं. दुसऱ्या भोकात तर हळदीचा दगडच झाला होता.

साडेदहा वाजले होते. मलप्पांनी कपाळावरचं भस्म पुसलं. ते गोठ्यात गेले आणि लोखंडी सब्बल घेऊन आले.

“बाजूला सर, मंजे. फाईल निघत नसंल तर कम्प्युटरच निघंल.”

सिमेंट फुटलं. टेम्पोत एका बाजूला शंभू, दुसऱ्या बाजूला मी आणि पडदा. इतक्या वर्षांनी अंगाला वारा लागला. वाटेत शंभूने माझं उरलेलं भस्म चाटून साफ केलं. तशी माया मला कुणी लावली नव्हती.

बाराला दहा कमी असताना आम्ही पोचलो. टेम्पोतून जे उतरेल त्याला नंबर चिकटवायचा, एवढंच काम केरबा नावाच्या कार्यकर्त्याकडे होतं आणि ते त्यांनी चोख केलं. शंभूला सव्वीस. मला सत्तावीस. लाऊडस्पीकरची वायर काढून मला जोडली, त्यामुळे अध्यक्षांचं भाषण मध्येच संपलं आणि टाळ्या पडल्या. मंजुश्रीने पेनड्राइव्ह माझ्या पाठीच्या भोकात घातला. ते सिमेंटच्या आड नव्यासारखं राहिलं होतं. बारा वर्षं सहा मिनिटांत लॅपटॉपमध्ये गेली, आणि मित्रांनो, मी रिकामा झालो नाही. तो भरला आणि मीही भरलेलाच राहिलो. एवढं देऊनही तेवढंच उरतं, हे मला त्या दिवशी कळलं.

परीक्षक डॉक्टर उमाशंकर माझ्यासमोर वाकले. फोटो उघडला. पांढरीशुभ्र गौरा, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, पायाशी तशीच कालवड. आणि गाईच्या शेजारी, हातात खरवसाची वाटी घेऊन, तोंड भरलेला एक जवान माणूस. सगळ्यांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग मागे उभ्या भागवतकडे.

मलप्पांनी विचारलं, “भागवत, खरवस जर्सीचा होता का?”

भागवतने बराच विचार केला. “न्हाई,” तो म्हणाला. “देवणीचाच होता. दोनदा घेतलो होतो.”

डॉक्टरांनी तिथल्या तिथे गुण लिहिले. नंबर समोर जो दिसला तो लिहिला. त्यामुळे निकालात सत्तावीस पुकारला गेला आणि मला फेटा बांधण्यात आला. पाच मिनिटांनी तो काढून शंभूला बांधला, आणि मग समितीचा तो ठराव झाला. मलप्पा तिथे नव्हतेच. ते भागवतबरोबर हॉटेलात बसून दुसरा चहा मागवत होते.

सध्या माझा मुक्काम गोठ्यात, शंभूच्या शेजारी आहे. मित्रांनो, जुन्या संगणकाला जपा, आणि त्याच्यातलं त्याच्या हयातीतच दुसरीकडे उतरवून ठेवा. माझं स्वतःचं म्हणणं मी रीतसर मांडलं आहे:

प्रति, मा. पशुसंवर्धन अधिकारी साहेब. अर्जदार: संगणक, वय बारा, जात संकरित, रंग मळकट. विनंती अर्ज करतो की, अर्जदारास जनावरांच्या कानातला बारा अंकी पिवळा बिल्ला देण्यात यावा. अर्जदारास कान नसल्याने तो सोयीच्या जागी टोचावा. लाळ्या-खुरकूतची लस शंभूसोबतच द्यावी. आणि येत्या दसऱ्यास भस्म दोन बोटं वर लावण्याबाबत सौ. गुरम्मा यांना आपल्या सहीशिक्क्यानिशी लेखी आदेश व्हावेत. घरात त्यांना हे सांगण्यास कोणीही तयार नाही.

आपला विश्वासू,
क्रमांक सत्तावीस